एसबीएस २०११ वरून नव्या डोमेनवर जायचंय, युझर प्रोफाइल शाबूत कशी न्यायची?

केबलबहाद्दर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं आयटी मी बघतो. म्हणजे स्विच बदलण्यापासून टोनर मागवण्यापर्यंत सगळं. सत्तरच्या आसपास मशीन आहेत. बरीचशी विंडोज १०, काही ११, आणि वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरपायी दोन अजून ७ वर अडकलेली. सगळ्यांचा मालक एकच, मायक्रोसॉफ्टचा स्मॉल बिझनेस सर्व्हर (एसबीएस) २०११. डोमेनच्या, म्हणजे सगळी खाती आणि मशीन एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, नावाच्या शेवटी 'डॉट लोकल', जसं त्या काळी सगळेच ठेवायचे.

मध्यंतरी पुण्याच्या एका गटानं कंपनी घेतली. आता तिथून फर्मान आलंय की सगळी मशीन आमच्या डोमेनला जोडा आणि तो जुना सर्व्हर बंद करा. खाती ते तयार करून देणार, मशीन मी जोडायची. नवीन मशीन मिळणार नाहीत, कामही थांबता कामा नये.

चाचणीला एक मशीन जोडून पाहिलं. जोडलं गेलं, पण नव्या खात्यानं आत गेल्यावर डेस्कटॉप कोरा करकरीत. आउटलुक पहिल्यापासून सेट करा म्हणतंय, मराठी कीबोर्ड गायब, टॅलीचा डेटा ज्या ड्राइव्हवर होता तो ड्राइव्हच नाही. अकाउंट्सच्या मॅडमनी ते बघून 'माझं सगळं गेलं' म्हणत थेट जीएमसाहेबांना फोन लावला. जुन्या खात्यात सगळं जागच्या जागी आहे हे पटवेपर्यंत दुपार झाली.

तर प्रश्न असा की माणसाला सकाळी येऊन फक्त पासवर्ड नवीन टाकावा लागेल, बाकी सगळं कालच्यासारखंच दिसेल, असं करता येतं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

चटणीभाकर

एवढं काय त्यात. सी:\युझर्स मधलं जुनं फोल्डर उघडायचं, सगळं उचलून नव्या फोल्डरमध्ये पेस्ट. लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय तेवढा चालू ठेवा.

रेजिस्ट्रीकाका

चटणीभाकर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स एवढंच आणायचं असेल तर तुमची पद्धत चालेल. पण धागाकर्त्याला 'कालच्यासारखं' हवंय, आणि ते पेस्ट करून येत नाही. जरा सविस्तर लिहितो.

विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक एसआयडी असतो, एस-१-५-२१ नं सुरू होणारी लांबलचक संख्या. त्यातले मधले तीन मोठे आकडे डोमेनचे, शेवटचा आकडा त्या खात्याचा. कमांड प्रॉम्प्टवर 'हूॲमआय /युझर' लिहा, तुमचा स्वतःचा दिसेल. जुन्या डोमेनमधला 'पाटील' आणि नव्यातला 'पाटील' ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी माणसं.

कोणाचं प्रोफाइल, म्हणजे त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज, कुठल्या फोल्डरमध्ये, ही नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत असते: एचकेएलएम\सॉफ्टवेअर\मायक्रोसॉफ्ट\विंडोज एनटी\करंटव्हर्जन\प्रोफाइललिस्ट. तिथे प्रत्येक एसआयडीच्या नावाची एक की, आणि तिच्यात 'प्रोफाइलइमेजपाथ'. नव्या एसआयडीची नोंद नसली की विंडोज नवं फोल्डर काढतं. जुनं नाव आधीच घेतलेलं असल्यामुळे ते 'पाटील.नवेडोमेन' असं होतं. तुमच्या मॅडमना दिसला तो हा कोरा संसार.

पुढचा भाग लोक विसरतात. फोल्डरवरच्या परवानग्या जुन्या एसआयडीच्या नावे असतातच, पण प्रोफाइलमधली एनटीयुझर.डॅट ही फाइल म्हणजे त्या माणसाची अख्खी रजिस्ट्री, आणि तिच्या आतल्या प्रत्येक कीवर वेगळ्या परवानग्या असतात. ॲपडेटा\लोकल\मायक्रोसॉफ्ट\विंडोज मध्ये युझरक्लास.डॅट नावाची दुसरी तशीच फाइल. घराची किल्ली दिली पण सातबारा जुन्याच माणसाच्या नावावर राहिला, अशी गत होते. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आत गेल्यावर स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज टिकत नाहीत, नाहीतर विंडोज सरळ टेम्प (तात्पुरतं) प्रोफाइल देऊन मोकळं होतं.

म्हणजे फायली हलवायच्या नाहीतच. प्रोफाइल आहे तिथेच ठेवायचं आणि त्याची मालकी नव्या एसआयडीच्या नावे करायची. विंडोज ७ पर्यंत हे हातानं जमायचं: नव्या खात्याला फोल्डरवर हक्क द्यायचे, रेजएडिटमध्ये एनटीयुझर.डॅट लोड करून तिथेही द्यायचे, मग प्रोफाइलइमेजपाथ बदलायचा. १० आणि ११ वर स्टोअरमधून येणारी ॲप्स प्रत्येक एसआयडीच्या नावे स्वतंत्र नोंदलेली असतात. स्टार्ट मेनू, सर्च, स्टिकी नोट्स सगळं त्यातच येतं. त्यामुळे हातानं केलेलं काम अर्धवट राहतं. यासाठी तयार साधन वापरा.

आधी_विचारा

काका बरोबर आहेत, पण त्याच्याही आधीचा प्रश्न. नवीन डोमेन खरंच हवंय का? सर्व्हर जुना झाला एवढंच कारण असतं, तर त्याच डोमेनमध्ये नवीन डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) उभा करायचा, पाचही एफएसएमओ रोल (डोमेनच्या खास जबाबदाऱ्या) तिकडे न्यायचे आणि जुना काढायचा. एसआयडी तेच, प्रोफाइल तीच, युझरला पत्ताही लागत नाही. सर्व्हर बदलायचा म्हणून लोक उगाच नवीन डोमेन काढतात आणि हा सगळा व्याप ओढवून घेतात.

एसबीएसमध्ये त्यालाही खाचा आहेत. रोल त्याच्याकडून काढून घेतले की एकवीस दिवसांची मुदत, त्यानंतर तो स्वतःहून बंद पडायला लागतो. शिवाय डोमेन मुळात एसबीएस २००३ वरून आलेलं असेल तर सिसव्हॉल, म्हणजे डोमेनच्या पॉलिसींचं फोल्डर, अजून एफआरएस या जुन्या प्रती पाठवायच्या पद्धतीवर असू शकतं. ते 'डीएफएसआरएमआयजी' या कमांडनं डीएफएसआर या नव्या पद्धतीवर नेल्याशिवाय सर्व्हर २०१९ किंवा २०२२ तिथे डोमेन कंट्रोलर होणारच नाही.

केबलबहाद्दर

@आधी_विचारा, माझ्या हातात असतं तर तेच केलं असतं. पण पुण्याला त्यांच्या एकाच डोमेनमध्ये सगळी युनिट हवी आहेत, ऑडिटचं कारण आहे. तो निर्णय झालेला.

एडीएमटीबद्दल वाचलं होतं. त्यानं जमेल का?

मुक्ता_व्ही

तुमच्या बाबतीत नाही जमणार. कारण एसबीएसच आहे.

एडीएमटी, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनची खातेवही) मायग्रेशन टूल, दोन डोमेनमध्ये ट्रस्ट (एकमेकांची खाती मानायची जोडणी) आहे असं धरून चालतं. जुना एसआयडी नव्या खात्याच्या एसआयडी हिस्टरीत टाकायचा, म्हणजे जुन्या शेअरवरचे (सामायिक फोल्डरवरचे) हक्क आपोआप चालू राहतात, ही त्यातली मुख्य गंमत. पण स्मॉल बिझनेस सर्व्हरला दुसऱ्या डोमेनशी ट्रस्ट करायची मुभाच नाही. पंचाहत्तर युझरांची मर्यादा आणि ट्रस्ट नाही, या अटींवरच तो स्वस्तात मिळायचा.

ट्रस्ट असता तरी मी दोनदा विचार केला असता. एडीएमटी ३.२ हे २०१० चं साधन, शेवटची डागडुजी २०१४ मधली. विंडोज १० आणि ११ च्या प्रोफाइलवर त्याचं सिक्युरिटी ट्रान्सलेशन (जुन्या एसआयडीचे हक्क नव्याच्या नावे करणं) चालवलं की स्टार्ट मेनू आणि स्टोअर ॲप्सची तीच रड, जी काकांनी वर सांगितली. खाती आणि ग्रुप हलवायला ते अजून कामाचं आहे, वर्कस्टेशनला मी लावत नाही.

तुमच्यासाठी दोन रस्ते उरतात. एक, मायक्रोसॉफ्टचं यूएसएमटी. स्कॅनस्टेटनं प्रोफाइल बाहेर काढायचं, मशीन नव्या डोमेनला जोडायचं आणि लोडस्टेटला 'एमयू' पर्याय देऊन जुन्या नावाचं नव्या नावाखाली उतरवायचं. फुकट आहे, एडीके या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचाबरोबर येतं. पण सगळा डेटा एकदा बाहेर आणि एकदा आत जातो, म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही हवी, आणि काय आणायचं हे एक्सएमएलमध्ये सांगावं लागतं. मशीनच बदलत असेल तर हाच रस्ता चांगला. तुमची मशीन तीच आहेत.

दुसरा रस्ता फोरेन्सिटचं युझर प्रोफाइल विझार्ड, ज्याला सगळे प्रोफविझ म्हणतात. ते काही कॉपी करत नाही. काकांनी सांगितलेलं मालकी बदलायचं काम जागेवरच करतं आणि मशीन नव्या डोमेनला जोडूनही देतं. फुकटची आवृत्ती एकेका मशीनवर बसून चालवावी लागते, विकतच्या आवृत्तीत स्क्रिप्ट करून सगळीकडे ढकलता येतं. सत्तर मशीनला विकत घ्या असं मी म्हणेन. पुण्याला बिल पाठवा, फर्मान त्यांचंच आहे.

एक पथ्य मात्र पाळा. प्रोफाइल बदलायच्या आधी युझरनं नव्या खात्यानं एकदाही लॉगिन करता कामा नये. केलं की कोरं प्रोफाइल तयार होतं आणि नसतं निस्तरणं मागे लागतं. 'बघू तरी चालतंय का' म्हणणारे प्रत्येक ऑफिसात असतात, त्यांच्यासाठी नवा पासवर्ड शेवटच्या क्षणापर्यंत स्वतःकडे ठेवा.

चटणीभाकर

म्हणजे हे साधन लावलं की शंभर टक्के सगळं येतं?

रेजिस्ट्रीकाका

नाही. साठवलेले पासवर्ड येत नाहीत. हे युझरना आधी सांगितलं नाही तर मॅडमचा दुसरा फोन नक्की.

कारण डीपीएपीआय. ब्राउझरमधले पासवर्ड, क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या नोंदी, मशीनवर साठवलेल्या सर्टिफिकेटच्या खासगी किल्ल्या, हे सगळं विंडोज एका मास्टर कीनं कुलूपबंद करतं. ती मास्टर की ॲपडेटा\रोमिंग\मायक्रोसॉफ्ट\प्रोटेक्ट मध्ये एसआयडीच्याच नावाच्या फोल्डरात असते आणि माणसाचा पासवर्ड व एसआयडी मिळून बांधलेली असते. दोन्ही बदलले की कुलूप उघडत नाही. फायली तिथेच दिसतात, वाचता येत नाहीत.

तेव्हा जुन्या खात्यात असतानाच क्रोम किंवा एजमधले पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या किंवा सिंक चालू करा. बुकमार्क साध्या फाइलीत असतात, त्यांना काही होत नाही. जीएसटी आणि ईपीएफओच्या साइटचे पासवर्ड कोणालाही पाठ नसतात, ते आवर्जून कागदावर घ्या आणि काम झालं की कागद फाडा. कोणी फाइलींवर ईएफएस (विंडोजचं फाइल कुलूपबंद करायचं साधन) लावलेलं असेल, म्हणजे एक्सप्लोररमध्ये नाव हिरवं किंवा फाइलीवर छोटं कुलूप दिसत असेल, तर ते आधी काढा. डिजिटल सिग्नेचर यूएसबी टोकनवर असेल तर चिंता नाही, ती टोकनातच राहते.

वाळवंटातला_मराठी

इकडे अबुधाबीत आम्ही बरीच ऑफिसं अशीच एका डोमेनमध्ये आणली. वर कोणी म्हटलं नाही म्हणून लिहितो: ऑफिस ३६५ वापरत असाल तर दुसऱ्या दिवशी आउटलुक आणि टीम्सवर '८००९००१६' हा एरर येईल, टीपीएममध्ये (मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये) बिघाड आहे असं सांगणारा. टीपीएमला काही झालेलं नसतं. साइन-इनचं जुनं टोकन जुन्या एसआयडीशी बांधलेलं असतं, तेच डीपीएपीआयचं भूत. ॲपडेटा\लोकल\पॅकेजेस मध्ये 'मायक्रोसॉफ्ट.एएडी.ब्रोकरप्लगइन' नं सुरू होणारं फोल्डर आहे. ॲप्स बंद करून त्याचं नाव बदलायचं, मशीन रीस्टार्ट करायचं आणि परत साइन-इन करायचं. मदरबोर्ड बदलायला निघालेले लोक पाहिलेत मी यावरून.

स्वच्छ_पाटी

मी वेगळं मत मांडतो. सत्तर जुनी प्रोफाइल ओढून न्यायचा अट्टहास कशाला? दहा-दहा वर्षांचा कचरा, तीन-तीन टूलबार, उघडी न पडलेली व्हायरसची पिल्लं, सगळं सन्मानानं नव्या डोमेनमध्ये नेताय. त्यातून विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन फॉरमॅट करा, ११ टाका, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स सर्व्हरवर किंवा वनड्राइव्हवर घ्या आणि नव्यानं सुरुवात करा. एकदाच त्रास.

मुक्ता_व्ही

@स्वच्छ_पाटी, मशीन नवीन घेणार असते तर मीही हेच म्हटलं असतं. इथे मशीन जुनी आहेत आणि त्यातली किती विंडोज ११ ला पात्र ठरतील देव जाणे. आणि एकाच रात्री डोमेनही बदललं, विंडोजही बदललं आणि प्रोफाइलही कोरं दिलं, तर सकाळी एखादी गोष्ट चालली नाही की नक्की कशामुळे हे शोधत बसाल. आधी डोमेन, आठवडाभर शांत राहू दे, मग ११.

शिवाय प्रोफविझ जुन्या खात्याचा हक्क काढत नाही. काही बिनसलं तर मशीन जुन्या डोमेनला परत जोडून माणूस त्याच प्रोफाइलमध्ये कामाला बसतो. फॉरमॅट केलेल्या मशीनला ही सोय नाही.

स्वच्छ_पाटी

परतीची वाट हा मुद्दा मान्य. कचऱ्याचा मुद्दा सोडत नाही. निदान कंपनी सोडून गेलेल्यांची प्रोफाइल तरी आधी उडवा.

केबलबहाद्दर

सगळ्यांचे आभार. प्रोफविझची फुकटची आवृत्ती स्टोअरच्या मशीनवर चालवली. वॉलपेपर, आउटलुक, मराठी कीबोर्ड, एक्सेलमधली अलीकडच्या फाइलींची यादी, सगळं जसंच्या तसं. माणूस बसला आणि कामाला लागला, काही बदललंय हे त्याला सांगावं लागलं.

पण पुढचं मशीन डोमेनला जोडेना. मेसेज असा की याच नावाचं खातं ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आहे आणि ते पुन्हा वापरणं सिक्युरिटी पॉलिसीनं रोखलंय. कोड ०एक्सएएसी. पुण्यानं सगळ्या मशीनची नावं आधीच तिथे टाकून ठेवली आहेत, मला तीच वापरायला सांगितलंय. स्टोअरच्या मशीनचं नाव त्यांच्या यादीत चुकलं होतं म्हणून बहुधा ते सुटलं!

आधी_विचारा

ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून हे आहे, केबी५०२०२७६ हा मायक्रोसॉफ्टचा लेख शोधा. पूर्वी आधी बनवून ठेवलेलं कॉम्प्युटर अकाउंट दुसऱ्या कोणीही वापरून मशीन जोडू शकायचं. त्यातली सुरक्षेची फट बुजवली गेली. आता ज्यानं ते बनवलं त्यानंच जोडायचं, किंवा ते डोमेन ॲडमिननं बनवलेलं असावं लागतं. पुण्याच्या हेल्पडेस्कच्या एखाद्या साध्या खात्यानं यादी टाकली असणार आणि तुम्ही तुमच्या खात्यानं जोडताय.

त्यांना सांगा, एकतर ती नोंदणी डोमेन ॲडमिनकडून पुन्हा करून द्या, नाहीतर 'डोमेन जॉइनच्या वेळी कॉम्प्युटर अकाउंट पुन्हा वापरू द्या' अशी जी ग्रुप पॉलिसी (डोमेनमधून मशीनना लागू होणारा नियम) डोमेन कंट्रोलरसाठी आहे, तीत विश्वासातल्या मालकांचा ग्रुप घाला. त्यावर नेटवर एक रजिस्ट्रीचा जुगाडही सापडेल. तो पुढच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टनं काढून टाकला, त्यात वेळ घालवू नका.

यादी काढून टाकून तुमच्या साध्या खात्यानं नव्यानं जोडायचा विचार असेल, तर अकराव्या मशीनला अडकाल. साध्या युझरला दहाच मशीन जोडायची मुभा असते. पुण्याकडून तुमच्या मशीनच्या ओयूवर (डोमेनमधला मशीन आणि खात्यांचा कप्पा) रीतसर डेलिगेशन, म्हणजे मशीन जोडायचा हक्क मागून घ्या.

रेजिस्ट्रीकाका

नेटवर्कचं काय केलंत? पुणे आणि कोल्हापूर दोन्हीकडे १९२.१६८.१ चीच आयपी पत्त्यांची रेंज नाही ना? विचारतो कारण दोन कारखाने एकत्र आले की नव्वद टक्के वेळा हेच निघतं, आणि मग व्हीपीएन लागूनही काही सापडत नाही.

केबलबहाद्दर

काका, तुम्ही कॅमेरा लावलाय का आमच्याकडे? तीच होती. आमची रेंज बदलून झाली, त्यात प्रिंटर आणि हजेरीच्या मशीननी घाम काढला.

सध्या मशीनना डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) एसबीएसचंच आहे. चाचणीच्या मशीनना हातानं पुण्याचं दिलं.

रेजिस्ट्रीकाका

हातानं देऊ नका, नंतर काढायला विसराल. एसबीएसच्या डीएनएसमध्ये नव्या डोमेनच्या नावानं कंडिशनल फॉरवर्डर टाका, पुण्याच्या डोमेन कंट्रोलरकडे बोट दाखवणारा. मग न बदललेलं मशीनही दोन्ही डोमेन शोधू शकतं. शेवटचं मशीन गेलं की डीएचसीपीमध्ये (मशीनना पत्ते वाटणारी सेवा) एकदाच डीएनएस बदला. आणि कुठल्याही मशीनवर दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ असेल तर तो आधी काढा. गुगलला तुमच्या डोमेन कंट्रोलरचा पत्ता माहीत नाही. 'डोमेन कंट्रोलर सापडत नाही' या तक्रारीतल्या निम्म्या तिथेच मिटतात. उरलेल्यांत मशीनचं घड्याळ बघा: केरबेरॉसला, म्हणजे डोमेनच्या लॉगिन तपासायच्या पद्धतीला, पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि सुट्टीनंतर लाइट आली की मेलेल्या सीमॉस (घड्याळाच्या) बॅटरीची मशीन कुठल्यातरी भलत्याच सालात जागी होतात.

शक्य असेल तर एक डोमेन कंट्रोलर कोल्हापुरातच ठेवायला सांगा आणि तुमची रेंज त्यांच्या साइट्स अँड सर्व्हिसेसमध्ये (कुठल्या रेंजला कुठला डोमेन कंट्रोलर जवळ, ही यादी) नोंदवून घ्या. नाहीतर सकाळचं सगळ्यांचं लॉगिन व्हीपीएनवरून पुण्याला जाऊन येईल.

मी_सिन्नरकर

मूक वाचक होतो, राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे हेच झालं तेव्हा मशीन आणि प्रोफाइल व्यवस्थित गेली, बाकीच्या वस्तूंनी वाट लावली.

पहिली वस्तू झेरॉक्सवाली मल्टिफंक्शन मशीन. स्कॅन केलं की थेट सर्व्हरच्या फोल्डरात जायचं, आणि त्यासाठी मशीनच्या आत जुन्या डोमेनचा युझर-पासवर्ड कोणीतरी कधीकाळी टाकलेला. तो एजन्सीचा माणूस कधीच सोडून गेला होता. दुसरी, हजेरीचं सॉफ्टवेअर. ते सर्व्हिस म्हणून जुन्या ॲडमिन खात्यावर चालत होतं आणि त्याच्या एसक्यूएल एक्स्प्रेस डेटाबेसमध्ये लॉगिनही विंडोजचंच. एसक्यूएलसुद्धा एसआयडीनंच ओळखतं, म्हणजे नव्या डोमेनच्या खात्यांसाठी लॉगिन नव्यानं बनवायचं. टास्क शेड्युलरमधला रात्रीचा बॅकअप गुपचूप बंद पडलेला, तो पगाराच्या वेळी कळला.

पण सगळ्यात मोठा राडा मुख्य ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीनं केला. मशीन जोडलं, रीस्टार्ट केलं आणि पेन ड्राइव्ह बंद! सीएनसीला प्रोग्राम पेन ड्राइव्हनंच जातात हे एसीत बसलेल्यांना कुठं माहीत. पहिल्या पाळीचे ऑपरेटर दारात उभे. तेव्हा शॉपफ्लोअरच्या मशीनसाठी वेगळा ओयू आधी मागा आणि मगच जोडा.

केबलबहाद्दर

@मी_सिन्नरकर, तुमचा पाय पडला हे बरं झालं. स्कॅनवाला मुद्दा माझ्या कागदावर नव्हता, पेन ड्राइव्हचा तर अजिबातच नाही. पुण्याला मेल टाकला.

मधल्या काळात फाइल शेअरचं काय करायचं? मशीन नव्या डोमेनमध्ये, टॅलीचा डेटा अजून एसबीएसवर. ट्रस्ट तर नाही.

मुक्ता_व्ही

डेटा आधी हलवता आला तर उत्तम, नाही तर प्रत्येक मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये एसबीएससाठी जुन्या डोमेनचं नाव-पासवर्ड टाकून ठेवा. ते नव्या खात्यानं आत आल्यावर टाकायचं, आधी टाकलेलं डीपीएपीआयमुळे जाईल. ड्राइव्हचं अक्षर बदलू नका. टॅलीचा डेटा पाथ, एक्सेलमधल्या लिंका, सगळं त्या अक्षरावर उभं असतं. जुनी जोडणी प्रोफाइलबरोबर येते पण जुन्याच सर्व्हरकडे बघत राहते. डेटा हलवायच्या दिवशी ती काढून तेच अक्षर नव्या सर्व्हरला ग्रुप पॉलिसीतून द्या.

आणि मशीन जोडण्याआधी प्रत्येकावर एक लोकल ॲडमिन खातं चालू करून त्याचा पासवर्ड प्रत्यक्ष टाकून बघा. विंडोजचं मूळचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं बंद असतं. जुन्या डोमेनमधून मशीन बाहेर पडलं आणि नव्यात शिरलं नाही, तर आत जायला तेवढंच दार उरतं. बिटलॉकर (अख्खी डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) लावलेल्या लॅपटॉपच्या रिकव्हरी की जुन्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असतील, त्या 'मॅनेज-बीडीई' या कमांडनं नव्या डोमेनमध्ये चढवा, मगच एसबीएसला हात लावा.

नवखा_नेटवर्क

वाखु (वाचनखूण) साठवली. एक बाळबोध प्रश्न. आमच्या काही लॅपटॉपवर विंडोजची 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती आहे. ते जोडता येतील?

आधी_विचारा

नाही. होम कुठल्याच डोमेनला जोडता येत नाही, आधी प्रो घ्यावं लागेल. मोजणीत ही मशीन पहिल्यांदा वेगळी काढा, खरेदीची मंजुरी मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

केबलबहाद्दर

अपडेट. पुण्याकडून डोमेन ॲडमिननं नोंदणी नव्यानं केली, ०एक्सएएसी गेला. विकतच्या प्रोफविझला मंजुरी मिळाली. शॉपफ्लोअरचा ओयू वेगळा झाला. अकाउंट्सचा विभाग मुद्दाम शेवटी ठेवला होता, मार्चएंड टाळून तोही गेला. मॅडमचा फोन आला, पण एवढंच विचारायला की वर्डमध्ये त्यांनी शिकवलेले मराठी शब्द अजून ओळखले जातायत, ते मी मुद्दाम ठेवले का. ती कस्टम.डिक फाइल प्रोफाइलमध्येच असते, जागची हललीच नाही.

वजनकाट्याची दोन विंडोज ७ नव्या डोमेनला जोडलीच नाहीत. वर्कग्रुपमध्ये (डोमेनशिवाय) टाकून वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात बसवली, इंटरनेट बंद.

आता उरलेत विक्रीवाल्यांचे लॅपटॉप. सांगली, बेळगाव, सोलापूर असे फिरतीवर असतात, ऑफिसात महिना-महिना येत नाहीत. एसबीएस बंद केला तर ते अडकतील का?

रेजिस्ट्रीकाका

लगेच नाही. शेवटच्या दहा युझरांचं लॉगिन विंडोज मशीनवरच लक्षात ठेवतं, त्यामुळे जुन्या खात्यानं ते आत जात राहतील. पासवर्ड विसरला किंवा लॉक झाला तर मात्र हाक मारायला कोणी नाही. म्हणून एसबीएस एवढ्यात पुसू नका. नेटवर्कवरून बाजूला काढा, बॅकअप घ्या आणि हे लॅपटॉप संपेपर्यंत चालू होईल अशा अवस्थेत ठेवा. सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपलाय, तेव्हा इंटरनेटसमोर एक मिनिटही नको.

लॅपटॉप व्हीपीएनवरून बदलता येतात, पण लॉगिनच्या आधी जोडलं जाणारं व्हीपीएन असेल तरच. नाहीतर डोमेन बदललं, रीस्टार्ट झालं, नव्या खात्याचं लॉगिन अजून मशीनला माहीत नाही आणि माणूस सोलापूरच्या लॉजवर बंद लॅपटॉप घेऊन बसलेला. त्यापेक्षा टीएची बिलं सही करायला ऑफिसात यावंच लागेल असं साहेबांकडून जाहीर करून घ्या, आठवड्यात सगळे हजर होतील.